चिनी गुलाबाचं ऊन कुणी नेलं?

यंदा आमच्या गल्लीतला शेवटचा मातीचा कट्टा फुटला आणि तिथं सिमेंटचे ब्लॉक बसले. कट्ट्यावर चिनी गुलाब फुललेला होता. ठेकेदाराच्या माणसांनी तो खोऱ्यानं उचलून ट्रॉलीत टाकला, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आल्प्सवर किंवा हिमालयात खडकांच्या फटीत वाढणारी बुटकी, उन्हाची भुकेली फुलझाडं आमच्या शिरोळच्या उन्हाळ्यात तगत नाहीत. तसली झाडं लावायची हौस आमच्याकडं चिनी गुलाबानं भागवली. मूळचा अर्जेंटिना-ब्राझीलकडचा, घोळीच्या भाजीचा भाऊबंद. मागणी दोनच: भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन.

१९८५ ते १९९५ हा त्याचा सुकाळ. डालड्याचा डबा, फुटका माठ, परड्याची भिंत, जिथं ऊन तिथं तो. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून बायका तिच्यात निम्मी वाळू आणि विटांचा चुरा मिसळायच्या. बोटभर काडी मोडायची, दिवसभर सावलीत सुकू द्यायची, मग खोचायची. युरिया घातला की नुसता पाला. ऊन तापलं की फुलं उघडायची, म्हणून त्याला 'ऑफिस टाइम' म्हणायचे. दुपारनंतर मिटलं की ते फूल संपलं. उघड्या फुलातल्या केसरांना काडी लावली की ते स्पर्शाच्या बाजूला झुकतात. शाळेला उशीर होईस्तोवर आम्ही तेच बघत बसायचो. पिकलेल्या बोंडाचं टोपण अलगद सुटायचं आणि आत बंदुकीच्या दारूसारखं बारीक, करडं, चकाकतं बी. राणी रंगाची काडी द्यायची आणि पिवळ्याची आणायची. रोपाचे पैसे घेणं कमीपणाचं वाटायचं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दुहेरी पाकळ्यांची संकरित रोपं कुंडीसकट विकत मिळू लागली आणि काड्यांची देवघेव थांबली.

मग २००५, २०१९, २०२१ चे महापूर. शिरोळात पाऊस बेताचाच, पण वरचं सगळं पाणी कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी येऊन तुंबतं. गाळाखाली काड्या कुजून गेल्या. तरी पुराला मी दोष देणार नाही. पाणी ओसरल्यावर लोकांनी उंचावरच्या पाहुण्यांकडून काड्या आणून पुन्हा लावल्या. त्याला कायमचं घालवलं ते आपण, अंगणावर पत्रा आणि मातीवर ब्लॉक घालून. उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली, तेव्हा इथल्याच दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेतला, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि साचलेलं पाणी बाहेर काढलं. रानासाठी हे शहाणपण सुचलं. अंगणातली हातभर माती मात्र आपल्याला उघडी ठेववत नाही.

कुणाच्या परड्यात जुना, एकेरी पाकळीचा राणी रंग अजून असेल, तर पावसाळ्याआधी त्याचं बी धरून ठेवा. दोन काड्या माझ्यासाठीही राखा. मी येऊन घेऊन जाईन.