फेअरपोर्टच्या पुलावरची पाळी

सकाळी ७. ऑपरेटर मनोऱ्याचा जिना चढतो, दिवे-घंटा-फाटकं तपासतो आणि व्हीएचएफ रेडिओ १३ नंबरच्या चॅनेलवर लावून बसतो. खाली ईरी कालवा. १८२५ साली तो खुला झाला तेव्हा काठावरून चालणारी घोडी-खेचरं बोटी ओढायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रुंद आणि खोल करून घेतला, त्या कामातला हा १९१४चा पूल. न्यू यॉर्क राज्यातल्या फेअरपोर्टपासून पश्चिमेला लॉकपोर्टपर्यंत असे १६ उचलते पूल आहेत. गावं कालव्याला खेटून वाढलेली; उंच कायमचा पूल बांधायचा तर त्याच्या चढाखाली अर्धी बाजारपेठ गेली असती.

८ वाजता मेन स्ट्रीटवर ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी. पाण्यावर दोन-चार कयाकवाले. ते पुलाखालून सहज निघून जातात, त्यांच्यासाठी काही हलवावं लागत नाही.

साडेनऊच्या सुमारास रेडिओ बोलतो. मॅसेडनच्या ३० नंबरच्या लॉकमधून, म्हणजे बोटीला वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या पायरीतून, एक मोटरबोट सुटली आहे, पिट्सफर्डच्या ३२ नंबरच्या लॉककडे निघाली आहे; वाटेत हा पूल. (३१ नंबरचं लॉक शोधू नका, ते नाहीच.) रेडिओ नसलेली बोट असेल तर पूल उचलण्यासाठी तीनदा भोंगा वाजवते.

आता खरं काम, आणि ते बटण दाबण्याचं नव्हे. जवळच रेल्वेचं फाटक आहे. पुलासाठी अडवलेल्या गाड्यांची रांग रुळांपर्यंत जाऊन चालत नाही. शिवाय मागून ॲम्ब्युलन्स येत नाही ना? रस्ता फार लवकर बंद केला तर ड्रायव्हर वैतागतात, उशिरा केला तर बोट वाऱ्याने आडवी होते. पाण्यातल्या गाडीला ब्रेक नसतो. दोन्हीकडचा अंदाज घेऊन तो घंटा देतो. फाटकं पडतात, आणि सगळा रस्ता, पदपथासकट, आडवाच्या आडवा वर जातो. इमारतीच्या लिफ्टला असतात तशी समतोलाची वजनं जमिनीखालच्या खड्ड्यांत उतरत असतात, म्हणून मोटरला फारसं ओझं नाही. पूल कालव्याला तिरका. एक टोक दुसऱ्यापेक्षा उंच, एकही कोपरा काटकोनात नाही. हे गणित कागदावर सोडवणाऱ्याला माझा दंडवत. पायी चालणाऱ्यांना थांबायचीही गरज नाही: जिना चढून उचललेल्या पुलावरून पलीकडे जाता येतं. मुलं त्यासाठी मुद्दाम पूल वर जायची वाट बघतात.

बोट गेली. पूल खाली. नोंदवहीत वेळ.

डबा खुर्चीतच.

दुपारी पर्यटकांची फेरी बोट आणि भाड्याच्या बोटी. यातल्या लांबट, घरासारख्या बोटी आठवडाभरासाठी मिळतात आणि त्या चालवणारे बरेचदा आयुष्यात पहिल्यांदाच सुकाणू धरतात. चाक फिरवलं की नाक जरा उशिराने वळतं, हे समजेपर्यंत ते जास्तच फिरवलेलं असतं. ताशी १० मैलांची मर्यादा आहे, तरी ऑपरेटर अशा बोटीला पूल पुरता वर जाईपर्यंत लांबच थांबायला सांगतो. रेडिओवरचा त्याचा सूर शिकाऊ ड्रायव्हरशेजारी बसलेल्या काकांचा असतो. मला विचाराल तर कालव्यावरचं सगळ्यात अवघड वाहन हेच.

संध्याकाळी पाळी संपते. त्यानंतर आलेल्या उंच बोटीला दुसऱ्या सकाळपर्यंत पुढे जाता येत नाही. तशी गैरसोय काही नसते: गावाच्या धक्क्यावर दोर बांधायचा, वीज आणि पाणी जोडून घ्यायचं, आणि पायीच मेन स्ट्रीटवर जेवायला जायचं. उशिरा आलेल्या बोटींबद्दल हॉटेलवाल्यांनी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.