केबल तोडण्याआधी

महिन्याची पहिली तारीख उलटली की केबलवाल्याचा माणूस दारात येऊन उभा राहतो. आजवर त्याला पैसे देताना कोणी फारसा विचार केला नाही. पण आता सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत त्या वेळी एक लहानशी चर्चा झडते. मुलगा म्हणतो, "कशाला पैसे घालवायचे? मॅच तर मी फोनवरच बघतो. पुढच्या महिन्यापासून बंद करा की हो!" वडील घुटमळतात. मालिका, बातम्या, सिनेमे यांचे काय ते ठरवता येते. पण क्रिकेटचा सामना आणि कुस्ती यांपाशी येऊन गाडी अडते. खेळ आहे त्या क्षणीच पाहायचा असतो. शिळ्या खेळाला चव नसते.

तेव्हा केबल काढून टाकून इंटरनेटवर खेळ पाहणे, ज्याला आता सगळे 'स्ट्रीमिंग' म्हणतात, त्यात नेमके काय मिळते आणि काय जाते, याचा आज हिशेब मांडू या.

आधी केबलचे घेऊ. खेळाच्या मैदानावरून चित्र निघते, ते सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाते आणि तिथून खाली येते. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या ते झेलतात आणि तारेतून घरोघर पाठवतात. यातली मुख्य गोष्ट अशी की, एकच चित्र एकाच वेळी सर्वांना जाते. आपल्याकडच्या कालव्याचे पाणी आठवा. कालव्याला आवर्तन सुटले की ते वरच्या शेतकऱ्यालाही जाते, खालच्यालाही जाते. तुम्ही दार उघडा अगर न उघडा, पाणी वाहतच असते. केबलचेही तसेच. आळीतल्या दहा घरांनी सामना लावला काय आणि दोनशे घरांनी लावला काय, तारेवर जास्तीचा भार पडत नाही.

नव्वदच्या दशकात ही तार गावोगाव पोचली. १९९५ साली केबलचा कायदा झाला. पुढे घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले. ग्रामीण भागासाठी ठरलेला शेवटचा टप्पा २०१७ साली पुरा व्हायचा होता. २०१९ च्या फेब्रुवारीपासून नियम बदलला. मूळ भाडे वेगळे आणि प्रत्येक पैशाच्या वाहिनीची किंमत वेगळी, असे झाले. मूळ भाड्यावर तेव्हा १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये ती मर्यादा उठवण्यात आली. पूर्वी एका रकमेत सगळे येत होते. आता खेळाची वाहिनी हवी तर तिचे पैसे निराळे, हे घरच्या माणसाला स्वच्छ दिसू लागले, आणि खरे पाहता तिथूनच केबल तोडण्याची भाषा सुरू झाली.

आता स्ट्रीमिंग. इथे कालवा नाही, विहीर आहे. ज्याला पाणी हवे त्याने आपली घागर घेऊन यायची. तुम्ही फोनवर सामना लावला की तुमच्या एकट्यासाठी चित्राची वेगळी प्रत निघते, आणि तीही अखंड धारेने येत नाही. काही सेकंदांचा एक तुकडा, मग पुढचा तुकडा, अशा घागरी एकामागून एक येतात. लाखो लोक एकाच विहिरीवर आले तर रेटारेटी होणार. म्हणून या कंपन्या शहरोशहरी हौद बांधून ठेवतात, म्हणजे चित्राच्या प्रती जवळच्या संगणकांत साठवतात, आणि आपल्याला त्या हौदातून पाणी मिळते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकाच वेळी ५ कोटी ९० लाख घागरी लागल्या होत्या. एवढी गर्दी सांभाळणे ही सोपी गोष्ट नव्हे.

या घागरींची किंमत मात्र तुम्ही दोनदा देता. एक, सामना दाखवणाऱ्या कंपनीची वर्गणी. दुसरी, इंटरनेटचा डेटा. दुसरी किंमत लोक विसरतात, म्हणून तिचे गणित करू. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ चित्र हवे असेल तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात. तासाला ते सव्वादोन जीबी होतात. टी-ट्वेंटी सामना साडेतीन तासांचा धरला तर आठ जीबीच्या आसपास. एकदिवसीय सामन्याला पंधरा-सोळा. फोनच्या लहान पडद्यावर साधे चित्र चालवून घेतले, सेकंदाला एकच मेगाबिट घेतला, तरी टी-ट्वेंटीला दीड जीबीच्या वर जातात. म्हणजे ज्याचा पॅक दिवसाला दीड जीबीचा आहे, त्याचे शेवटचे षटक हुकलेच म्हणून समजा! आणि सामन्याची खरी गोडी तर शेवटच्या षटकातच असते.

यावरून एक साधा नियम निघतो. घरात तारेचे इंटरनेट असेल आणि त्याला डेटाची फारशी मर्यादा नसेल, तर टीव्हीवर स्ट्रीमिंग परवडते. नुसत्या फोनच्या पॅकवर घरभराचा टीव्ही चालवू म्हणाल, तर ते केबलपेक्षा महाग पडण्याचा संभव आहे. गंमत अशी की, पुष्कळ ठिकाणी इंटरनेटची ही तार आणून देणारा माणूस आपला जुना केबलवालाच असतो. एक तार काढून तो दुसरी जोडून जातो, आणि पहिल्या तारखेला पुन्हा दारात उभा राहतोच.

वर्गणीबद्दलही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. २०२२ साली आयपीएलच्या पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. देशातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले आणि इंटरनेटचे २३,७५८ कोटींना. फोनचा पडदा टीव्हीपेक्षा महाग ठरला तो त्या दिवशी. पुढे २०२३ च्या मोसमात हे सामने फोनवर फुकट दाखवले गेले, आणि किती तरी घरांनी त्याच उन्हाळ्यात केबलला रामराम ठोकला. पण एवढे कोटी कोणी धर्मादाय म्हणून ओतत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, आणि मग पूर्ण सामने पाहायला वर्गणी लागू लागली. पहिला घास फुकट मिळाला म्हणून रोजचे जेवण फुकट असेल, असे धरून चालू नये.

दुसरी गोष्ट उशिराची. घागरी भरून ठेवायच्या, चार पुढे साठवायच्या, मग दाखवायचे, यात वेळ जातो. उपग्रहाचा जाण्यायेण्याचा प्रवास पाव सेकंदाचा. त्यात यंत्रांचे काही सेकंद मिळवा. स्ट्रीमिंगला मात्र पंधरा-वीस सेकंदांपासून चाळीसपर्यंत लागू शकतात. ऐकायला हे थोडके वाटते. पण तुम्ही फोनवर पाहत आहात, गोलंदाज धावत निघाला आहे, आणि शेजारच्या केबलच्या घरातून आरोळी येते, "आउट झाला की रं!" मग त्या चेंडूत काय राहिले? रेडिओ लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती बातमी बहुधा त्याहूनही आधी कळलेली असते, हे सांगताना मला थोडा आनंद होतो, तो क्षमस्व मानावा.

तर मग स्ट्रीमिंग वाईट का? तसे मुळीच नाही. उलट आपल्या दोन जिल्ह्यांना त्याने जे दिले ते केबलने कधी दिले नव्हते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने त्यांना पाठवण्यासाठी पैसा उभा केला, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण ती कुस्ती गावातल्या कोणालाही पाहता आली नाही. आता बहात्तर वर्षे पुढे या. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकला आणि रौप्यपदक मिळवले. ती फेक आटपाडीच्या पोराला हातातल्या फोनवर पाहता आली. पॅरालिंपिकची गोळाफेक पूर्वी कोणत्या वाहिनीने दुपारभर दाखवली असती? वाहिनीला एका वेळी एकच चित्र दाखवता येते. म्हणून ती ज्याला जाहिराती जास्त तेच दाखवते. इंटरनेटवर एका वेळी कितीही खेळ चालू शकतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. धनुष्यबाणासारखा खेळ लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो या सोयीमुळेच.

आणि घरचा खेळ? कुंडलचे कुस्ती मैदान घ्या, गावोगावच्या यात्रांतली मैदाने घ्या. हलगीच्या तालावर हजारो माणसे बसतात, पण जे मुंबईला गोदीत किंवा गिरणीत नोकरीला गेले त्यांना इतकी वर्षे निकाल पत्राने कळायचा. आता गावचाच एखादा हुशार मुलगा कॅमेरा लावतो आणि निकाली कुस्ती यूट्यूबवर थेट दिसते. बैलगाडी शर्यतींचेही तसेच. २०१४ साली त्या बंद झाल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरवला. तेव्हापासून फाटीवरची धूळ परगावी बसलेल्या माणसालाही फोनमध्ये दिसते. या खेळांना वाहिन्यांनी फारसे दार उघडले नव्हते.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती घरातच.

केबलचा टीव्ही सोप्यात असतो. तो कोणा एकाचा नसतो. फोन मात्र एकाच्या हातात, एकाच्या कुलपात असतो. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना सलामीला उतरली, ४५ धावा करून गेली, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच तो चषक जिंकला. हा सामना सांगलीच्या ज्या घरात सोप्यातल्या टीव्हीवर लागला होता, तिथे सुनेने भाकऱ्या थापता थापता डोकावले, सासूने जपमाळ बाजूला ठेवली, शाळकरी पोरगी समोर मांडी घालून बसली. ज्या घरातली केबल त्याच्या आधी दोन महिने बंद झाली होती, तिथे तो सामना थोरल्या मुलाने पाहिला. आणि तो त्या वेळी मित्राच्या खोलीवर होता.

केबल बंद करा म्हणणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या हातात चांगला फोन असतो. त्याचे काहीच तुटत नाही. म्हणून काय तुटले ते त्याला दिसत नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांत, जिथे फोनला रेघ शोधत टेकाडावर चढावे लागते, तिथे तर सगळ्यांचेच तुटेल.

यावर उपाय नाही असे नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००७ साली कायदा झाला की, सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने हक्क घेणाऱ्या कंपनीने प्रसारभारतीलाही द्यायचे. आयपीएल त्यात नाही, पण भारतीय संघाचे पुष्कळ महत्त्वाचे सामने आहेत. एक खोच मात्र ध्यानात ठेवा. २०१७ च्या निकालाप्रमाणे हे सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवायचे. केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च. डोंगरातल्या घराला इंटरनेटपेक्षा ही छत्री अधिक भरवशाची.

तेव्हा श्रोतेहो, केबल ठेवा किंवा तोडा, ते तुमच्या खिशाने आणि तुमच्या गावच्या इंटरनेटने ठरवा. पण ठरवण्याआधी एक वही घ्या. वर्षात घरात कोणते खेळ पाहिले जातात ते लिहा. प्रत्येक खेळापुढे तो कोण कोण पाहते त्यांची नावे लिहा. मग केबलचे बारा महिन्यांचे पैसे एकीकडे, वर्गणी आणि इंटरनेट दुसरीकडे मांडा. केबल काढायचीच ठरली, तर तेच स्ट्रीमिंग सोप्यातल्या टीव्हीला जोडून द्या, आणि ते लावायचे कसे हे आजीला दोनदा, तीनदा, न चिडता शिकवा. तेही जमणार नसेल तर कौलावर एक फ्री डिश बसवा.

आणि सगळा हिशेब झाल्यावर वहीतली नावे पुन्हा एकदा वाचा. ज्या नावापुढे फोन नाही, त्या माणसाला पुढचा सामना कुठे दिसणार आहे, एवढे ठरल्याशिवाय केबलवाल्याला 'पुढच्या महिन्यापासून नको' म्हणू नका.