दोन पुंकेसरांची साक्ष

माघ सरता सरता भीमेचे पाणी आत ओसरते आणि काठाशी गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. त्यावर गुडघाभर उंचीची, करड्या लवेने भरलेली एक वनस्पती उगवते. चार पावलांवरून ती फुलली आहे हेही कळत नाही, कारण फूल जेमतेम साडेचार मिलिमीटरचे आणि फिकट जांभळे. बागेतला लालभडक साल्व्हिया ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही त्याच घराण्यातली आहे असे सांगितले तर पटत नाही. पटवायचे तर गाळात गुडघे टेकून बसावे लागते.

मी आधी खोड बोटांत फिरवून पाहते. चार कडा स्पष्ट लागतात. पाने समोरासमोर, एक जोडी पूर्व-पश्चिम तर तिच्या वरची दक्षिणोत्तर. पान दोन ते सहा सेंटिमीटरचे, कडेला बोथट दाते, आणि पृष्ठभाग इतका सुरकुतलेला की नखाला खाचा जाणवतात. इथवर तुळशीचे कूळ मनात येते. पण तेवढ्यावर थांबू नये. अडुळशाच्या कुळातल्या कितीतरी रानवनस्पती याच दिवसांत फुलतात. त्यांचीही पाने समोरासमोर, फूल दोन ओठांचे आणि जस्टिशियासारख्या प्रजातींत पुंकेसरही दोनच. नवख्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, आणि तो होणे अगदी स्वाभाविक आहे.

तो सोडवायला फूल नव्हे, फळ पाहावे. कणसाच्या तळाशी फुले आधी गळून गेलेली असतात आणि मागे निदलपुंजाची छोटी घंटा उरते. ती सुईने उकलली की तुळशीच्या कुळात तळाशी चार सुटे दाणे बसलेले दिसतात. अडुळशाच्या कुळात बोंड असते. वाळल्यावर ते तडकते आणि बी दूर फेकते. माझ्या हातातल्या घंटेत चार दाणे होते, तपकिरी, खसखशीहूनही बारीक. कूळ ठरले.

घंटेकडे मात्र आणखी थोडा वेळ द्यावा. तिची लांबी तीन मिलिमीटरच्या आत, पण दहापट भिंगाखाली तिच्यावर पिवळसर तपकिरी ग्रंथींचे ठिपके चमकतात. वरचा ओठ अखंड, खालचा दोन दातांत चिरलेला. रानतुळस, तुंबा, गोपाळी या सगळ्या याच कुळातल्या आणि आसपास भेटणाऱ्या, पण प्रत्येकीची ही घंटा वेगळी. कुणाची कडा काटेरी, कुणाला आठ-दहा दात. मला विचाराल तर या कुळात रंगापेक्षा निदलपुंजावर जास्त विश्वास ठेवावा. तो फूल गळल्यावरही जागेवर राहतो.

आता पुंकेसर. उमललेले फूल पांढऱ्या कागदावर ठेवायचे, खालचा ओठ सुईने दाबून धरायचा आणि श्वास आवरायचा, कारण फुंकरीनेही ते उडते. या कुळातल्या बहुतेक वनस्पतींत चार पुंकेसर असतात, दोन लांब आणि दोन आखूड. साल्व्हियात कामाचे पुंकेसर दोनच. म्हणूनच लिनियसने वर्गीकरण करताना साल्व्हियाला तिच्या गोतावळ्यातून उचलून दोन पुंकेसरांच्या वर्गात नेऊन बसवले होते. आणि हे पुंकेसरही साधे नाहीत. परागकोशाचे दोन कप्पे इतरांत एकमेकांना लागून असतात. इथे त्यांच्यामध्ये एक लांब आडवा दांडा वाढलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा. एका टोकाला परागकण, दुसरे टोक वांझ. मोठ्या फुलांच्या जातींत मधमाशी आत शिरताना वांझ टोक ढकलते आणि परागकणांचे टोक तिच्या पाठीवर उतरते. ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 साली आपल्या ग्रंथात ही यंत्रणा दाखवून दिली. माझ्या कागदावर तो दांडा दीड मिलिमीटरचा होता, कमानीसारखा वाकलेला, आणि दोन्ही पुंकेसरांची खालची वांझ टोके फुगून एकमेकांना चिकटलेली. एवढ्याशा फुलात ही सगळी रचना जशीच्या तशी पाहिली की मला दर वेळी भरून येते.

प्रजाती ठरली, जात ठरवणे त्यामानाने सोपे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातली साल्व्हिया इजिप्टियाका हे अरुंद पानांचे, काटक्यांचे बुटके झुडूप. थंड हवेच्या ठिकाणी बागेतून निसटलेली साल्व्हिया कॉक्सिनिया लाल फुलांची. रुंद सुरकुतलेली पाने, ओला गाळ आणि हे इवलेसे जांभळे फूल, म्हणजे साल्व्हिया प्लेबिया. रॉबर्ट ब्राउन याने 1810 साली ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिला हे नाव दिले. चीन, जपान, भारत, ऑस्ट्रेलिया असा तिचा विस्तार आहे. चिया म्हणून आपण जे बी पाण्यात भिजवतो तेही साल्व्हियाचेच, मेक्सिकोकडच्या एका जातीचे. मात्र बी भिजवून पाहण्याची परीक्षा इथे निकाल देत नाही. सब्जाही तसाच फुगतो, आणि सब्जा ही तुळशीची जात.

हल्ली मोबाइलवर फोटो टाकला की क्षणात नाव येते. ते नाव बरेचदा बरोबरही असते. पण ती तुंबा का नाही, जस्टिशिया का नाही, हे सांगता येत नसेल तर आपण वनस्पती ओळखली नाही, फक्त तिचे नाव ऐकले. फोटोत पुंकेसर दिसत नाहीत, घंटेवरच्या ग्रंथी दिसत नाहीत, दाणे तर नाहीतच. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिला. त्यातली वर्णने आजही उपयोगी पडतात, ती याच तपशिलांमुळे.

शेवटचे काम नमुन्याचे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रात शुष्क नमुन्यांचा मोठा संग्रह आहे; आपला नमुना अशा संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहावा. त्यासाठी वर फुले आणि खाली पिकलेले दाणे असलेली फांदी निवडायची, वर्तमानपत्रात दाबायची, आणि ओलसरपणा जाईपर्यंत कागद रोज बदलायचा. चिठ्ठीवर जागा, तारीख, उंची, जमीन हे सगळे लिहायचेच, पण फुलाचा रंग तिथेच, नदीकाठी बसून लिहायचा. वाळल्यावर तो जांभळा उरत नाही, आणि पन्नास वर्षांनी ही घडी उघडणाऱ्याला तो कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.