शिल्ड, पदर आणि बँक

बोदवड तालुक्यातल्या नाडगावची ओळख पाहुण्याला करून द्यायची, तर पहिलं वाक्य ठरलेलं : प्रतिभाताई पाटील इथल्या. जन्म १९ डिसेंबर १९३४चा. तेव्हा जिल्ह्याचं नाव पूर्व खानदेश होतं, बोदवड तालुका तर फार नंतर झाला. दुसरं वाक्यही ठरलेलं : देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. या दोन वाक्यांच्या मधला एक तुकडा मात्र सहसा कुणी सांगत बसत नाही. ताई टेबल टेनिस खेळायच्या. नुसत्या हौसेखातर नव्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमधून शिल्ड घेऊन यायच्या.

वडील नारायणराव वकील. ताईंची शाळा जळगावची आर. आर. विद्यालय आणि कॉलेज मुळजी जेठा, म्हणजे आपलं एम. जे. तिथे त्यांनी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. केलं. त्या काळात खानदेशातली मुलगी एम. ए.पर्यंत जाणं हीच बातमी होती, त्यात हातात बॅट!

टेबल टेनिसच का, याचं माझं उत्तर साधं आहे. मैदानावर, चारचौघांच्या नजरेसमोर धावायचं म्हटलं की घरून नकार ठरलेला. हा खेळ चार भिंतींच्या आत चालतो. एक टेबल, एक जाळी, साडीचा पदर खोचला की झालं. म्हणून कितीतरी जिमखान्यांत मुलींचा पहिला खेळ हाच असायचा. खेळ मात्र दिसतो तेवढा सोज्वळ नव्हे. तेव्हा गेम २१ गुणांचा असे, सर्व्हिस पाच-पाचची. १२-१८ असं मागे पडूनही माणूस सामना ओढून आणू शकायचा. आजच्या ११ गुणांच्या गेममध्ये तेवढी उसंतच मिळत नाही.

आणि त्या वर्षांत या खेळाची हवाही होती. फेब्रुवारी १९५२मध्ये जागतिक स्पर्धा मुंबईत भरली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडू बॅटला लागल्याचा आवाजच येईना. आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधणारे भलेभले गडबडले आणि चष्मा लावणारा हा किरकोळ अंगाचा गडी जगज्जेता होऊन गेला.

एम. जे.तला सर्वांत मजेदार किस्सा १९६२चा. त्या वर्षी ताई कॉलेजच्या ‘कॉलेज क्वीन’ ठरल्या, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि ताई जळगावातून आमदार झाल्या. वय २७. म्हणजे एकाच वर्षात दोन निवडणुका जिंकल्या म्हणायच्या! कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातली. पुढे १९६५मध्ये अमरावतीचे देवीसिंह शेखावत यांच्याशी लग्न झालं, ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मतदारसंघ मात्र खानदेशातलाच राहिला : १९६७पासून एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, सलग चार वेळा.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. खेळणाऱ्या पोराने बँकेत लागावं, हे आपल्याकडचं जुनं स्वप्न. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत भारताचे क्रिकेट कर्णधार झाले, त्यामुळे कितीतरी आईबापांना खेळाचं भय वाटेनासं झालं. ताईंनी बँकेत नोकरी धरली नाही, बँकच काढली. १९७३मध्ये जळगावात महिलांसाठी प्रतिभा महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या बायकांचा पैसा डब्यात नाहीतर नवऱ्याच्या खिशात असायचा, त्यांच्या नावाचं पासबुक निघणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

हा किस्सा इथेच थांबवला तर गोड वाटेल, पण तो अर्धाच राहील. २००३मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेचा परवाना रद्द केला. २००७मध्ये राष्ट्रपतिपदासाठी नाव पुढे आलं, तेव्हा विरोधकांनी नातेवाइकांना दिलेल्या कर्जांचा विषय काढला. काँग्रेसने आरोप फेटाळले. सहकारी बँकेची दुखरी नस सगळीकडे एकच असते : कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच मांडवातले असतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्यावर धडा असतो, संचालक मंडळाच्या बैठकीत तो कुणाला आठवत नाही. आणि ठेवीदाराला आरोप-प्रत्यारोपांशी घेणं नसतं, त्याला आपले पैसे हवे असतात.

त्या निवडणुकीचीही एक गंमत आहे. समोर उमेदवार होते भाजप आघाडीच्या पाठिंब्याचे भैरोंसिंह शेखावत, आडनाव ताईंच्या सासरचं. आणि भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी माणूस म्हणून मतं ताईंना दिली. २५ जुलै २००७ला शपथविधी झाला.

दिल्लीला दिसला तो डोक्यावरून पदर घेतलेला, शांत चेहरा. तिथल्या लेखणीबहाद्दरांनी त्यावरूनच माप काढलं. मग २५ नोव्हेंबर २००९ उजाडला. पुण्याच्या लोहगाव तळावर पंचाहत्तरीला टेकलेल्या ताई जी-सूट घालून, हेल्मेट काखेत धरून सुखोई-३०कडे चालत निघाल्या आणि सुमारे अर्धा तास आकाशात राहून परतल्या. पदर नव्हता. छायाचित्र देशभर छापलं गेलं आणि लोक थक्क झाले. पुढे डिसेंबर २०११मध्ये राजस्थानच्या वाळवंटात लष्करी सराव पाहायला गेल्या, तर तिथे टी-९० रणगाड्यावरच चढल्या.

त्यांच्या अधिकृत परिचयात टेबल टेनिसला मिळालंय एखादं वाक्य. मला विचाराल तर परिच्छेद हवा होता.