सबवूफर घ्यावा की नको? नवी मुंबईच्या फ्लॅटमधील ‘बेस’चे गणित

सणासुदीच्या सेलमध्ये स्टिरिओ स्पीकरची जोडी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सोबत सबवूफर लागेल का? दुकानातले उत्तर बहुधा ‘हो’च असते. पण वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये हा निर्णय ऐकायचे काय, हॉल केवढा आणि खालच्या मजल्यावर कोण राहते यावर ठरतो. चांगला सबवूफर अनेकदा स्पीकरच्या जोडीइतकाच महाग पडतो, त्यामुळे थोडे गणित आधी केलेले बरे.

तुमच्या गाण्यात तेवढा बेस आहे का?

माणसाला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पाच इंची वूफरचे शेल्फवर मावणारे स्पीकर बहुतेक वेळा ५०-६० हर्ट्झपर्यंत उतरतात. त्याखालचे काम सबवूफरचे.

आता संगीताकडे पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. गायिकांच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याहून वरचा. म्हणजे शास्त्रीय गायन, भावगीते, अभंग यांसाठी चांगली जोडी पुरते. नाट्यसंगीताच्या १९२५ पूर्वीच्या तबकड्या तर भोंग्यासमोर गाऊन यांत्रिक पद्धतीने मुद्रित झालेल्या. त्यांत खोल बेस उतरलेलाच नाही. तिथे सबवूफर लावला तर फक्त घरघर वाढेल.

बेस गिटार आणि डबल बेस यांची सर्वांत जाड तार मात्र ४१ हर्ट्झला वाजते. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासारखा भव्य ऑर्केस्ट्रा, हिप-हॉप किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत रोज ऐकणाऱ्याला लहान स्पीकरमध्ये काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते आणि ते वाटणे खरे असते. चित्रपटांच्या ५.१ ध्वनीतला ‘.१’ हा तर खास खोल आवाजांसाठीचाच वेगळा मार्ग. स्टिरिओत असा मार्ग नसतो, तिथला बेस डाव्या-उजव्या स्पीकरमध्येच मिसळलेला असतो.

हॉल छोटा असेल तर?

इथे खरी गंमत आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास २८ फूट. आपला हॉल त्याच्या निम्मा! समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती तिथे घुमते. १० फूट रुंदीत हा आकडा सुमारे ५७ हर्ट्झ, साडेनऊ फूट उंचीत सुमारे ६०. दोन्ही इतके जवळ आले की तेवढाच सूर ‘भुम्म’ करून अंगावर येतो आणि सोफा दोन फूट सरकवला की गायब होतो. काँक्रीटच्या टणक भिंती बेस बाहेर जाऊ देण्याऐवजी बराचसा परत खोलीतच ढकलतात. बरेच जण या घुमण्यालाच दमदार बेस समजतात. अशा हॉलमध्ये मोठा सबवूफर आणणे म्हणजे दुखणे वाढवणेच.

म्हणून आधी फुकटची चाचणी. फोनवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून ३० ते ८० हर्ट्झचे सूर हळू आवाजात स्पीकरवर वाजवा आणि नेहमीच्या जागी बसून ऐका. ५० हर्ट्झ स्वच्छ ऐकू येत असेल तर घाई नको. नसेल, तर स्पीकर भिंतीजवळ सरकवून पुन्हा ऐका. एवढ्यानेही फरक पडतो.

शेजाऱ्यांचे काय?

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून पाच डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये. पण ही मोजणी कानाच्या संवेदनशीलतेनुसार होते आणि त्यात खोल आवाज फारच कमी धरले जातात. ५० हर्ट्झचा ८० डेसिबलचा सूर मीटरवर जेमतेम ५० दिसतो. कागदावर सगळे नियमात, आणि खालच्या घरात भांडी थरथरतात. सबवूफरखाली रबर किंवा फोमचा पॅड ठेवल्यास फरशीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा आवाज मात्र पॅड अडवत नाही.

घ्यायचाच ठरला तर?

अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरचे आउटपुट आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. घरी आणल्यावर तो बसायच्या जागी ठेवा, बेसचे गाणे लावा आणि खोलीत कडेकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, ती त्याची जागा. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, सर्वांत चांगला नव्हे. क्रॉसओव्हर ७०-८० हर्ट्झवर ठेवा; त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही. फेजचे बटण दोन्हीकडे फिरवून जिथे बेस भरीव लागतो तिथे सोडा. मग गेन इतका उतरवा की सबवूफर वेगळा ऐकू येणार नाही, पण बंद केल्यावर उणीव जाणवेल. रात्री दहानंतर तो बंदच ठेवलेला बरा.