पोरांचें नाटक, थोरांची साथ

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं मराठीच्या मास्तरांच्या टेबलावर वह्यांचा एक निराळाच गठ्ठा येऊन पडतो. त्यांत निबंध नसतात, नाटुकलीं असतात. असे गठ्ठे मीं पस्तीस वर्षें वाचले. नाटकाच्या धंद्याशीं माझा संबंध प्रेक्षकाच्या खुर्चीपुरताच. परंतु मुलांनीं लिहिलेल्या नाटकाचें आपण वडील माणसें काय करतों, याचा मला अनुभव आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाहीं. म्हणून प्रथम माझी चूक सांगतों, आणि मग हेंच काम जाणत्या नाट्यव्यवसायी मंडळींनीं कसें केलें, तिकडे वळतों.

मी मुंबईंत नोकरीस लागलों तेव्हां १९८२ चा गिरणीसंप सुरू होऊन दोन-तीन वर्षें लोटलीं होतीं. माझ्या वर्गांत गिरणीकामगारांचीं मुलें पुष्कळ होतीं. आठवींतल्या एका मुलानें वीस मिनिटांचें नाटुकलें लिहून आणलें. बापाची नोकरी गेली आहे. पण चाळींत कळूं नये म्हणून तो रोज सकाळीं डबा घेऊन बाहेर पडतो, आणि बायकोहि कांहीं न बोलतां डबा भरून देते. शेवटीं ती एवढेंच विचारते, "आज दोन पोळ्या देऊं कीं तीन?" आणि पडदा पडतो. मला तो शेवट अगदींच किरकोळ वाटला. मीं लाल शाईनें तें वाक्य खोडलें, बापाच्या तोंडीं श्रमप्रतिष्ठेवर पानभर भाषण घातलें, आईला रडविलें आणि चाळीच्या बोलीचें शुद्ध मराठी केलें. प्रयोगाला टाळ्या पडल्या, बक्षीसहि मिळालें. मुलगा विंगेंत उभा होता. तो मला म्हणाला, "सर, तुमचें नाटक छान झालें." त्यांत टोमणा नव्हता, त्याला खरोखरच तसें वाटत होतें. पुढें दोन वर्षें तो आमच्याच शाळेंत होता. नाटक मात्र त्यानें पुन्हां लिहिलें नाहीं.

आतां दुसऱ्या एका मुलाची हकीकत ऐका. अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवरील थोर गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम (१९३०–२०२१) हे पंधरा वर्षांचे असतांना पेनसिल्व्हेनियांतील जॉर्ज स्कूल नांवाच्या शाळेंत शिकत होते. तेथील जीवनावर त्यांनीं 'बाय जॉर्ज' हें संगीत नाटक रचलें आणि तें ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्याकडे नेलें. हॅमरस्टाइन म्हणजे १९४३ सालीं गाजलेल्या 'ओक्लाहोमा' या नाटकाचे लेखक, आणि या मुलाच्या मित्राचे वडील. लेखक आपल्या ओळखीचा नाहीं असें समजून हें वाचा, अशी मुलानें त्यांना विनंती केली. ती त्यांनीं अक्षरशः पाळली. आपण आजवर वाचलेल्या लिखाणांत हें सर्वांत वाईट आहे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पण यांत गुण नाहीं असें मात्र आपण म्हणत नाहीं, हेंहि लगेच जोडलें. मग पहिल्या रंगसूचनेपासून प्रारंभ करून, एकेक ओळ समोर घेऊन, तें नाटक कां साधलें नाहीं हें त्यांनीं सारी दुपार समजावून दिलें. त्या एका दुपारीं आपण जें शिकलों तें पुष्कळांना जन्मभरांत शिकावयास मिळत नाहीं, असें सॉन्डहाइम पुढें सांगत असत.

हॅमरस्टाइन माझ्यापेक्षां सौम्य नव्हते, उलट कितीतरी कठोर होते. परंतु लेखणी त्यांनीं मुलाच्या हातांतून काढून घेतली नाहीं. नाटक कोठें मोडतें तें दाखविलें; जोडण्याचें काम ज्याचें त्याच्याकडे ठेवलें. मीं नेमकें उलट केलें होतें. मुलाला एक वाईट शब्द बोललों नाहीं, आणि नाटक मात्र त्याचें राहूं दिलें नाहीं.

एका माणसाच्या दिवाणखान्यांत घडलेली ही गोष्ट एखाद्या संस्थेला करतां येईल काय? लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरनें ती करून दाखविली. १९५६ पासून हें नाट्यगृह नव्या लेखकांचीं नाटकें करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तरुण लेखकांसाठीं त्यानें जो नाट्योत्सव चालविला, त्यांत १९८० सालीं 'द आर्बर' हें नाटक आलें. लेखिका होती ब्रॅडफर्ड शहरांतील बटरशॉ या गरीब वस्तींत वाढलेली अँड्रिआ डनबर. पंधराव्या वर्षीं शाळेच्या परीक्षेचें काम म्हणून तिनें तें लिहावयास घेतलें होतें. वहीचीं फाडलेलीं पानें, त्यांवर हिरवी शाई, आणि विषय काय, तर दारूड्या बापाच्या घरांतील, शाळकरी वयांत गरोदर राहिलेली मुलगी. भाषा तिच्या वस्तींतली, शिव्यांसकट.

त्या नाट्यगृहाचे प्रमुख मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांनीं स्वतः तें बसविलें. त्यांनीं ती भाषा धुतली-पुसली नाहीं. लहानसें नाटक पाहून त्यांनीं मुलीला तें वाढविण्यास सांगितलें. पुढचा भाग तिनेंच लिहिला, आणि त्याच वर्षीं मोठ्या रंगमंचावर त्याचा प्रयोग झाला. यानें तिचें सारें आयुष्य उजळलें असें मात्र समजूं नये. १९९० सालीं, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं, ती वारली. रंगभूमि कोणाचें दैव पालटूं शकत नाहीं. पण एका मुलीचें म्हणणें तिच्याच शब्दांत लोकांपुढें मांडूं शकते, आणि तेवढें तिनें केलें.

हीच कल्पना सॉन्डहाइम यांनीं अमेरिकेंत नेली. १९८१ सालीं ड्रॅमॅटिस्ट्स गिल्ड या नाटककारांच्या संघाच्या साह्यानें त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें 'यंग प्लेराइट्स फेस्टिव्हल' हा उपक्रम सुरू केला, आणि तो चालविण्यासाठीं रॉयल कोर्टमध्यें तरुणांचें काम पाहिलेले जेराल्ड चॅपमन यांना बोलाविलें. अठरा वर्षें वा त्याखालील मुलांनीं देशभरांतून नाटकें पाठवावयाचीं. त्यांतील निवडक नाटकें खऱ्या नाट्यगृहांत, व्यवसायी दिग्दर्शक आणि नट घेऊन करावयाचीं, अशी योजना होती. पहिला उत्सव १९८२ सालीं झाला. त्यांत केनेथ लोनर्गन या विद्यार्थ्याचें नाटक होतें. याच लोनर्गनना पुढें २०१७ सालीं 'मँचेस्टर बाय द सी' या चित्रपटाच्या लेखनासाठीं ऑस्कर मिळालें.

या उपक्रमाचें मर्म असें कीं, मुलाला तेथें नाटककाराचा पूर्ण मान होता. नट निवडतांना त्याचें मत घेत, तालमींना तो हजर राही. शिवाय अमेरिकन नाटककारांनीं १९२६ च्या करारानें एक हक्क मिळविला होता, तो असा कीं, लेखकाच्या संमतीवांचून संहितेंतला शब्द बदलावयाचा नाहीं. हाच दंडक शाळकरी लेखकासहि लागू केला गेला. चाळीस वर्षें रंगभूमीवर घालविलेला नट झाला, तरी वाक्य जड वाटल्यास त्यानें तें परस्पर बदलावयाचें नाहीं. सोळा वर्षांच्या पोराला विचारावयाचें. आपल्याकडील गुरुजनांना हें चमत्कारिक वाटेल. परंतु हा केवळ शिष्टाचार नव्हे. शिक्षणाची सारी रीतच त्यांत आहे. ती कशी, तें पाहूं.

नवें नाटक हातीं आलें म्हणजे नट प्रथम टेबलाभोंवतीं बसून तें मोठ्यानें वाचतात. लेखकाचें खरें शिक्षण येथें सुरू होतें. आपल्या वहींत जें वाक्य डौलदार दिसत होतें, तें म्हणतांना नटाचा श्वास पुरत नाहीं. जो विनोद आपल्याला अपूर्व वाटला, त्यावर कोणी हांसत नाहीं. आणि जेथें आपण कांहींच योजलें नव्हतें, तेथें मात्र खोलींत एकाएकीं शांतता पसरते. हें कोणास सांगावें लागत नाहीं. लेखकाच्या कानांना तें आपोआप कळतें. शंभर निबंध तपासून मला जें शिकवितां आलें नसतें, तें असें एक वाचन शिकवितें.

त्यानंतर प्रश्न येतात. नट विचारतो, "मी या खोलींत कां आलों? मला हिच्यापासून काय हवें आहे?" दिग्दर्शक विचारतो, "हें तिला आधींच माहीत आहे, तर तो पुन्हां कां सांगतो?" लक्षांत घ्या, हे प्रश्न आहेत, दुरुस्त्या नव्हेत. उत्तर शोधावयास मुलगा घरीं जातो, आणि दुसऱ्या दिवशीं अर्धें पान कापून आणतो किंवा चार ओळी वाढवून आणतो. कधीं तो म्हणतो, "नाहीं, हें असेंच राहूं द्या." मग जाणत्या नटाला तें वाक्य जसेंच्या तसें पेलण्याची वाट शोधावी लागते. लहान नाटक याकरितांच सोयीचें. वीस मिनिटांचें नाटक एका बैठकींत वाचून होतें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां लिहून आणतां येतें, आणि त्यांतला दोष लपावयास जागा नसते.

या व्यवहारांत वडील मंडळींचाहि लाभ आहे. ठराविक नाटकें करून नटाचा आवाज आणि हातवारेहि ठराविक होतात. मुलाच्या लिखाणांत कसब थोडें असतें. पण त्याला जें दिसतें तें त्यानें दुसऱ्या नाटकांतून उचललेलें नसतें. त्याचे संवाद बोलतांना जुन्या सवयी उपयोगीं पडत नाहींत.

आपल्याकडे हौस कमी आहे असें मात्र मुळींच नाहीं. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं सुरू केलेली पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा बहुतेक मराठी घरांस ठाऊक आहे. तेथें एकांकिका बसविणारे आणि करणारे विद्यार्थीच असतात. जाणती नाट्यमंडळी येतात तीं परीक्षक म्हणून. या स्वावलंबनानें मराठी रंगभूमीला कितीतरी माणसें दिलीं. २०२२ सालीं पुण्याच्या अंतिम फेरींत परीक्षकांनीं करंडक कोणासच दिला नाहीं, तेव्हां मोठा गहजब झाला. मला त्यांत हॅमरस्टाइन यांच्या सडेतोडपणाची आठवण झाली. फरक एवढाच कीं, परीक्षकाचें काम निकालाबरोबर संपतें. हॅमरस्टाइन यांच्याजवळ त्यानंतरची सारी दुपार होती. आपल्या गांवोगांवच्या मुरलेल्या नटनट्यांनीं आणि लेखकांनीं शाळा-महाविद्यालयांना वर्षांतून अशा चार दुपारी दिल्या, तर परीक्षकांनाहि इतकें कठोर व्हावें लागणार नाहीं.

मुलांवर बाहेरच्या जाणत्यांची छाप पडून त्यांचा निराळेपणा बुजेल, अशी शंका कोणी घेईल. ती खोटी नाहीं. लाल शाई हातीं घेतलेल्या मास्तरानें तें प्रत्यक्ष केलें आहे. म्हणूनच तो संमतीचा दंडक महत्त्वाचा. प्रश्न कितीहि विचारा. लेखणी मात्र मुलाच्याच हातीं असूं द्या.

श्रोतेहो, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या ओळखींत नट-दिग्दर्शक असतील असें नाहीं. परंतु घरांतल्या एखाद्या मुलीनें वहींत चार प्रवेश लिहून आणले, तर एवढें तरी करा. घरचीं माणसें गोळा करा, एकेक पात्र वाटून घ्या, आणि लिहिलें आहे तेंच मोठ्यानें वाचा. तिला नुसतें ऐकूं द्या. वाचून झाल्यावर लगेच वाहवा करूं नका आणि चुकाहि काढूं नका. जें खरोखर समजलें नाहीं, तेवढेंच विचारा.

ती आठवींतल्या मुलाची वही आज माझ्यापाशीं नाहीं. असती तर मीं त्याला बापाच्या भाषणाबद्दल कांहींच सुचविलें नसतें. एवढेंच विचारलें असतें: ती दोन पोळ्या कीं तीन असें विचारते, तेव्हां घरांत पीठ किती उरलें आहे? त्याला तें नक्की ठाऊक असणार. आणि मग तो शेवट त्यानेंच, त्याच्या चाळीच्या भाषेंत, माझ्यापेक्षां फार चांगला लिहिला असता.