कॉन्स्टॅन्शियाचा पाहुणचार

‘मद्याचा मळा पाहून आलो’ असे सांगितले, की आपल्या मंडळींच्या भुवया आधी वर जातात आणि मग आवाज खाली येतो. “मग... घेतलीत का?” हा प्रश्न ठरलेला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळचा ‘ग्रोट कॉन्स्टॅन्शिया’ हा मळा पाहून परतल्यापासून प्राध्यापकांच्या खोलीपासून वाण्याच्या दुकानापर्यंत मला हा प्रश्न विचारला गेला आहे. त्याचे उत्तर यथाकाल येईलच. पण या मळ्यावर पाहण्यासारखे, खाण्यासारखे आणि मनाशी घोळवण्यासारखे इतके काही आहे, की पेल्यात काय होते ही चौकशी शेवटी केलेलीच बरी.

माझा भाचा नोकरीनिमित्त केपटाऊनला असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो आणि एका रविवारी त्याने आम्हाला गाडीत घातले. शहराच्या पाठीशी टेबल पर्वत आडवा पसरला आहे. त्याला वळसा घालून पलीकडे उतरले, की एकदम हवा पालटते. डोंगराचा गार उतार, खाली दूरवर फॉल्स बे या उपसागराची निळी रेघ, आणि मधे द्राक्षवेलींच्या वहीतल्या ओळींसारख्या सरळ रांगा. ओक वृक्षांच्या सावलीतून चालत गेले, की समोर पांढरेशुभ्र घर उभे राहते. जाड भिंती, गवताने शाकारलेले छप्पर, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि दर्शनी भागी वळणावळणांची उंच त्रिकोणी भिंत. या बांधणीला ‘केप डच’ म्हणतात. त्या भिंतीतल्या कोनाड्यात समृद्धीची एक मूर्ती आहे. “अहो, ही इथली लक्ष्मीच की!” आमच्या सौभाग्यवतीने तिथल्या तिथे निकाल दिला.

या लक्ष्मीचा इतिहास मात्र आपल्या किनाऱ्याशी फार जवळून बांधलेला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला वसाहत केली ती मुळी हिंदुस्थानकडे आणि पूर्वेच्या बेटांकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावे म्हणून. म्हणजे हा एक समुद्रावरचा धर्मशाळेचा मुक्कामच. फक्त धर्म वजा करून! तिथे द्राक्षे लावली गेली आणि पहिला द्राक्षरस १६५९ मध्ये निघाला. पुढे १६७९ मध्ये सायमन व्हान डेर स्टेल हा अधिकारी म्हणून आला, आणि १६८५ मध्ये त्याला या दरीत सुमारे ७६० हेक्टर जमीन मिळाली. तीच ही कॉन्स्टॅन्शिया. मौज अशी, की या डच गव्हर्नराची आजी, म्हणजे आईची आई, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून मुक्त झालेली स्त्री होती. तिच्या नातवाने पुढे केपचा कारभार केला, आणि त्याच्या मळ्यावर गुलाम राबले. इतिहासाला विसंगतीचे वावडे नसते.

ही जमीन ज्याच्या हुकमाने मिळाली, त्याचे नाव ऐकून माझ्यातला मराठीचा शिक्षक जागा झाला. तो कंपनीचा वरिष्ठ तपासनीस हेंड्रिक व्हान रीड. हा आधी मलबारचा डच सेनापती होता आणि तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचे कोकणी भाषेतले प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. केपहून निघालेला हा व्हान रीड पुढे हिंदुस्थानात आला, १६९१ च्या डिसेंबरात सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारला, आणि सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची भव्य कबर आजही उभी आहे. केपच्या द्राक्षवेलींची मुळे अशी सुरतेपर्यंत पोचलेली!

व्हान डेर स्टेल १७१२ मध्ये वारला आणि त्याच्या जमिनीचे तुकडे पडले. घराभोवतीच्या तुकड्याला खरे वैभव आले ते १७७८ मध्ये हेंड्रिक क्लूटे याने तो विकत घेतल्यावर. त्याने वेली नव्याने लावल्या, घर सजवले आणि १७९१ मध्ये मागच्या बाजूला मोठे तळघरवजा कोठार बांधले. त्याच्या कपाळावर शिल्पकार ॲन्टन ॲनराईथ याने गॅनिमीड, गरुड आणि गुटगुटीत बाळे कोरली आहेत. गॅनिमीड म्हणजे ग्रीक देवांचा पेले भरणारा पोऱ्या. कोठाराच्या दारावर याहून समर्पक देवता कोणती शोधावी?

इथल्या मद्याची खुबी अशी, की द्राक्षे पिकल्यावरही वेलीवरच ठेवीत, ती सुकून मनुकेसारखी होत, आणि त्यातून मधासारखा गोड रस निघे. युरोपातील राजवाड्यांतून त्याची मागणी असे. सेंट हेलेना बेटावर बंदिवासात पडलेला नेपोलियन १८२१ मध्ये मरेपर्यंत ते पीत असे. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या ‘सेन्स ॲन्ड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत प्रेमभंगाने खचलेल्या मुलीसाठी एक प्रेमळ बाई हेच मद्य घेऊन येते. डिकन्स आणि बोदलेर यांच्या लेखनातही त्याचा उल्लेख आहे. हे सगळे मी चढत्या उत्साहाने सांगत होतो. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही इथे वाटाड्याची नोकरी धरा.” मामी म्हणाली, “पगार मात्र बाटल्यांत नको!”

हा विनोद आम्ही हसून घेतला. पण थोड्याच वेळात तो घशाशी अडकला.

या वेली लावल्या कोणी, द्राक्षे तुडवली कोणी? १८०८ मध्ये व्यापार थांबेपर्यंत केपला साठ हजारांहून अधिक गुलाम आणले गेले, आणि त्यांतले सुमारे एक चतुर्थांश हिंदुस्थानातून आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाकीचे मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियाची बेटे येथले. दप्तरात त्यांची नावे येतात ती अशी : अमुक ‘व्हान बेंगाल’, तमुक ‘व्हान मलबार’. माणसाचे घराणे, गोत, आईबाप सगळे पुसून टाकायचे आणि ज्या किनाऱ्यावर त्याला विकत घेतले तेवढेच आडनाव म्हणून ठेवायचे! कित्येकांना नुसती महिन्यांची नावे मिळाली. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावे केपटाऊनला आजही आहेत. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण उमेदवारीच्या नावाखाली चार वर्षे आणखी राबवून घेऊन खरी सुटका झाली ती १८३८ मध्ये.

आणि पगार बाटल्यांत द्यायची पद्धत केपच्या द्राक्षमळ्यांवर खरोखरच होती. तिला ‘डॉप’ म्हणत. मजुराला मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेक वेळा हलक्या मद्याचा पेला द्यायचा. तो पीत राही आणि मळ्याला बांधला जाई. विसाव्या शतकात कायद्याने ही पद्धत बंद झाली, पण व्यसन कायद्याने बंद होत नसते. गर्भारपणी आईने मद्य घेतल्यामुळे जन्मतःच अपंगत्व घेऊन येणाऱ्या मुलांचे प्रमाण या प्रांतात जगात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी आहे. नेपोलियनच्या पेल्याची गोष्ट सांगणाऱ्याने या पेल्याची गोष्ट गाळली, तर त्याने अर्धाच मळा पाहिला असे म्हणावे.

दुपारी जेवायला बसलो आणि पानात जे आले, त्याने मन पुन्हा माणसांत आणले. ‘बोबोटी’ हा इथला मानाचा पदार्थ. मसाला घातलेला खिमा, त्यात मनुका, वर अंडे-दुधाचा थर आणि सुगंधी पाने, असे सगळे भट्टीत भाजतात. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी ती मसुरांची होती. अंड्याच्या थराकडे सौभाग्यवतीने परदेश म्हणून काणाडोळा केला. सोबत हळदीचा पिवळा मनुकाभात, ‘ब्लातयांग’ नावाची आंबटगोड चटणी आणि ‘अतयार’. हे अतयार म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपले अचार! तिथल्या मुसलमान घरांत बडीशेपेला ‘बारिशप’ म्हणतात आणि जिऱ्याला ‘जीरा’च. गुलामांच्या वंशजांनी हे स्वयंपाकघर घडवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आजच्या रायगडकडचे कोकणी मुसलमानही केपटाऊनला येऊन स्थायिक झाले. नावे हिरावली गेली, भाषा गेली; फोडणी तेवढी कोणाला हिरावता आली नाही.

मळ्यानेही पुष्कळ सोसले. एकोणिसाव्या शतकात आधी भुरी आणि मग मुळे खाणारी फायलोक्सेरा कीड आली. १८८५ मध्ये सरकारने हा मळा विकत घेतला. १९२५ च्या डिसेंबरात घराला आग लागून ते जळाले, आणि फिरून बांधून, जुन्या सामानाने सजवून त्याचे संग्रहालय केले. १९९३ पासून मळा एका विश्वस्त संस्थेकडे आहे. लोप पावलेले ते गोड मद्य शेजारच्या क्लाइन कॉन्स्टॅन्शियाने १९८६ च्या पिकापासून फिरून सुरू केले आणि पुढे ग्रोट कॉन्स्टॅन्शियानेही.

आता राहिला तो प्रश्न. चाखण्याच्या दालनात पेला समोर आला. वाढणारा तरुण मोठा अदबीचा. आधी रंग पाहा, मग वास घ्या, मग घोट. आणि नको असेल तर थुंकायला शेजारी भांडे, त्यात अपमान नाही. मी रंग पाहिला, वास घेतला आणि पेला खाली ठेवला. घोट घेतला तो आमच्या सौभाग्यवतीने! क्षणभर डोळे मिटून ती म्हणाली, “आजोळच्या द्राक्षासवासारखं आहे, औषधाचा कडवटपणा तेवढा नाही.” तो तरुण हसला. मी नकार दिल्याने त्याच्या आदरात रतिभर कमी झाले नाही. उलट त्याने माझ्यापुढे द्राक्षांचा साधा रस आणून ठेवला. त्याच मातीत कधी काळी मजुराला पेला नाकारण्याची सोय नव्हती. पाहुणा आणि बंदा यांच्यात फरक एवढाच असतो, की पाहुण्याला ‘नको’ म्हणता येते.

दिवाळीत आपण ताट पुढे करून “घ्या हो, घ्या” असा आग्रह करतो. तो गोडच असतो. पण समोरच्याचे ‘नको’ तितक्याच गोडीने स्वीकारणे, आणि ताट भरणाऱ्या हातांची वेळेवर चौकशी करणे, हेही पाहुणचारातच मोडते. केपच्या वाटेला गेलात तर हा मळा जरूर पाहा. घर पाहा, कोठार पाहा, बोबोटी खा, आणि त्या मातीत राबलेल्या आपल्याकडच्या निनावी माणसांसाठी क्षणभर थांबा. पेल्याचे काय ते ज्याचे त्याने ठरवावे.